दाजी, गिअरबॉक्स गेलाच नव्हता

दाजी,

तुम्ही गेल्यानंतर मी पहिलं खोटं बोललो ते तुमच्या ट्रकबद्दल. ‘बोललो’ म्हणणंही बरोबर नाही, मी गप्प बसलो. सगळं पासली गाव एक चुकीची गोष्ट खरी धरून चाललं होतं. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मी मान खाली घालून बसून राहिलो. दुखवट्यात गप्प बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. त्याचा मी फायदा घेतला.

तेराव्याला मला चार शब्द बोलायला सांगितले. मी बोललो. भोंगवलीच्या, लोकांच्या रानात रोजाने जाणाऱ्या घरातला मुलगा, अक्काचा धाकटा भाऊ, दाजींच्या आधाराने पदवीधर झाला, भोरला मास्तर झाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ते बोलताना माझी पाठ अंगणात उभ्या असलेल्या पलटणीकडे होती, आणि मी ती मुद्दाम तशी ठेवली होती.

पलटण. मिलिटरीच्या लिलावातला तो ट्रक तुम्ही पासलीत आणलात त्या दिवशीच पोरांनी त्याला हे नाव दिलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. मिलिटरीचा हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, रंग बदलल्याशिवाय कागद होत नाहीत, म्हणून तुम्ही मारुतीच्या देवळाला लावून उरलेला आकाशी ऑइलपेंट आणलात आणि ब्रश घेऊन दोन दिवस आपण तो फासत बसलो. अक्का दारातून बघत होती. म्हणाली, “मिल्ट्रीची गाडी आन् देवळाचा रंग! आता हिच्यात बसताना चपला काढायच्या का?”

तुम्ही म्हणालात, “तू नारळ घेऊन ये. बाकी आमी बगतो.”

रंग वाळला आणि गाडी चालूच होईना. बटन दाबलं की नुसतं ‘टक’. तुम्ही दोन्ही बॅटऱ्या काढून वेल्ह्याला चार्ज करून आणल्यात. तरी ‘टक’. स्टार्टर खोलला, पुसला, परत बसवला. ‘टक’. गावातल्या प्रत्येकाने येऊन आपापलं निदान सांगितलं. शेवटी मला सुचलं की बॅटरीची एक तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, आणि आपण ती काढून सांगाडासुद्धा रंगवला आहे. तार सोडवून खालचा रंग मी खरवडून काढला, बोल्ट आवळला, आणि पलटण अशी गरजली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. रंगातून वीज जात नाही, एवढीच गोष्ट. ती मला पुस्तकातून माहीत होती. पण पुढच्या बाजाराला तुम्ही वेल्ह्याच्या चहाच्या टपरीवर ज्याला त्याला सांगत होतात, “आमच्या पावण्यानं रोग काढला. दोन मिस्त्री हरलं हुतं.” मिस्त्री कुणी आलेच नव्हते, दाजी. हरला होतात ते तुम्ही एकटेच. पण तेव्हापासून तुम्ही मला ‘मास्तर’ म्हणायला लागलात. मी खरा मास्तर झालो ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

तुम्ही मला पदवीपर्यंत कसं नेलंत हे मी तेराव्याला सांगितलं, पण तिथे सांगता आलं नाही असंही बरंच आहे. दर महिन्याला पलटण भोरला माझ्या खोलीसमोर येऊन उभी राहायची, अख्खी आळी हादरायची. तुम्ही तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढायचात आणि माझ्या खोलीतल्या मुलांना दम द्यायचात, “ह्याच्या वाटचा भात कुणी खाल्ला तरी चालंल. पर ह्याला अभ्यासाला उठवायचं.” निकाल लागला त्या दिवशी मी धावत पासलीला आलो तर तुम्ही गाडीखाली. मी वाकून सांगितलं, “दाजी, पास झालो. पदवी मिळाली.”

खालून आवाज आला, “मग? ग्रीसची गन दे हिकडं.”

मी दिली. त्यानंतर बराच वेळ तुम्ही गाडीखालून बाहेर आला नाहीत. ग्रीस मारायला एवढा वेळ लागत नाही हे मला माहीत होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

पलटणीला दोन दांडे. एक नेहमीच्या गिअरचा, दुसरा शेजारचा आखूड, ज्याला तुम्ही ‘फोरचा दांडा’ म्हणायचात. साध्या रस्त्यावर इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. चिखल लागला, चढ लागला की आखूड दांडा ओढायचा, मग पुढची चाकंही ओढायला लागतात. म्हणून तर जिथे जीप जात नव्हती, टेम्पो जात नव्हता, तिथे वरच्या धनगरवस्तीवर पावसाळाभर पलटण जायची. दुधाचे कॅन खाली आणायची, पेंड वर न्यायची, आजारी माणूस आणायची, बाळंतीण परत न्यायची. पण चिखल संपून डांबर किंवा सिमेंट लागलं की तो दांडा सोडायचाच, हा तुमचा नियम. का, ते तुम्ही मला भोंगवलीला मालकाच्या खळ्यावर उभं करून सांगितलं होतं. मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, मळणीच्या बैलांची पात फिरत होती. तुम्ही म्हणालात, “बघ, तिवड्याजवळचा बैल हळू चालतोय, भाईरचा पळतोय. का? त्याला वाट जास्त. आता सगळ्यांना एकाच लोखंडी पहारीला बांध आन् म्हण, सारखंच चाला. काय हुईल?”

“मान मोडेल.”

“व्हय. गाडीचं तसंच. वळणावर पुढच्या चाकाला वाट जास्त, मागच्याला कमी. चिखलात चाक घसरून भागवतं. डांबरावर घसरंना झालं की सगळा पीळ खालच्या फिरत्या दांड्यात भरतो. दावं पिळावं तसा.”

आणि पीळ भरला की आखूड दांडा जागचा हलत नाही, गाडी ब्रेक लागल्यासारखी जड होते, कण्हते, बंद पडते. नवख्याला वाटतं, गिअरबॉक्स गेला. गेलेलं काही नसतं. गाडी थोडी मागं घ्यायची, नाहीतर पुढचं एक चाक जॅकवर उचलायचं. चाक जमिनीपासून सुटलं की गर्रकन उलटं फिरतं, मोठा आवाज होतो, आणि सगळा पीळ निघून जातो. हे तुम्ही माझ्याकडून दोनदा करून घेतलं होतं. चाकापासून लांब उभं राहायचं, बाकीच्या चाकांना दगड लावायचे, हेही.

आपला वाद आठवतो ना तुम्हाला? मला नोकरी लागली, भोरला घर झालं, तेव्हापासूनचा. तुम्हाला मूलबाळ नाही, अक्काचे गुडघे गेलेले, पावसाळ्यात पासलीला दवाखाना म्हणजे वेल्हे गाठायचं. मी म्हणायचो, “ट्रक विका, भोरला या. माझ्याकडे राहा.” तुम्ही म्हणायचात, “आन् वरच्या वस्तीवर कोण जाईल? तुझी यस्टी?” मी म्हणायचो, “सगळ्या तालुक्याचा मक्ता तुम्हीच घेतलाय का?” तुम्ही म्हणायचात, “न्हाई. फकस्त वरच्या वस्तीचा.” अक्का भांडी जरा जोरात आपटायची, म्हणजे आपण दोघं गप्प. शेवटचा वाद फोनवर झाला. मी जरा चिडून बोललो. तुम्ही म्हणालात, “भात लावून होऊ दे, मग बोलू.” भात लावायच्या आधीच तुम्ही गेलात.

तो दिवस मी लिहिणार नाही. फक्त गाडीचं लिहितो. तुम्ही सोपानला घेऊन वेल्ह्याला पेंड आणायला गेला होतात. सोपान म्हणजे वरच्या वस्तीवरच्या कोंडिबांचा पुतण्या, तुमच्या हाताखाली गाडी शिकलेला. तुम्हाला तिथेच अस्वस्थ वाटलं आणि दवाखान्यात सगळं संपलं. मी भोरहून मोटरसायकलवर पोचलो, अक्काला कुणीतरी जीपमधून आणलं होतं. लोक म्हणाले, रुग्णवाहिका बोलवू. अक्का म्हणाली, “त्यांच्याच गाडीतनं न्यायचं.” सोपानने चालवायला घेतली. अक्का त्याच्याशेजारी बसली. मी मागून मोटरसायकलवर.

वाटेत रस्त्याचं काम चाललं होतं. वळीव पडून गेलेला, वळणरस्त्याला टाकलेल्या मातीचा नुसता काला झाला होता. तिथे सोपानने फोरचा दांडा ओढला. बरोबरच केलं. पण पुढे डांबर लागलं आणि तो दांडा सोडायचा विसरला. डोळ्यांतून धारा लागलेल्या, शेजारी अक्का हंबरडा फोडतेय, मागे तुम्ही. कुणाच्या लक्षात राहील? माझ्या राहिलं. मागून मला दिसत होतं. गावातल्या नव्या सिमेंट रस्त्याच्या वळणावर पुढची चाकं किंचाळत घासत होती, काळे पट्टे उमटत होते. मी समजलो काय झालंय. त्या वेळी ओरडून सांगायची ती जागा नव्हती, आणि त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. सोपानने अंगणातल्या कोब्यावर एका दमात गोल वळसा घेतला, गाडीचं तोंड रस्त्याकडे केलं, आणि बांधाला शेपूट लागेल अशी ती उभी केली. सगळा पीळ आत तसाच राहिला.

सुतकात गाडी चालू करायची नाही म्हणून कुणी हात लावला नाही. दहावा झाला. तेराव्याच्या पंगतीसाठी अंगण मोकळं हवं होतं. सोपान गाडीत चढला. मागे बांध, म्हणून मागे घेता येईना. पुढे घेतली तर गाडी हातभर सरकली, आतून कण्हली आणि बंद पडली. आखूड दांडा सोडवायला त्याने दोन्ही हातांनी ढकलला, लाथ मारून पाहिली, हलेना. परत चालू केली, परत तेच. जमलेल्या माणसांतून कुणीतरी म्हणालं, “गिअरबॉक्स गेला.” दुसरा तुमचं नाव घेऊन म्हणाला, “ज्ञानबाच्या हातात एवढी वर्सं चालली, आन् ह्याच्या हातात यका फेरीत गेली.” तिसरा हसला. सोपान खाली उतरला, त्याने हात शर्टाला पुसले, आणि कुणाकडे न बघता वरच्या वस्तीची वाट धरली.

मी तिथेच होतो, दाजी. पाण्याच्या टाकीजवळ. एक वाक्य बोलायचं होतं. जॅक आणा, एवढंच.

मी का बोललो नाही, हे त्या वेळी मला नीट कळलं नव्हतं असं लिहिलं तर तेही खोटं होईल. कळलं होतं. माझ्या मनात लगेच आलं की ट्रक गेला म्हणजे आता अक्काला पासलीत धरून ठेवणारं काही उरलं नाही. आता ती भोरला येईल. तुम्ही उत्तर द्यायला नव्हतात, आणि तुमच्या-माझ्या वादात शेवटचा शब्द आयता माझ्या हातात आला होता.

दोन दिवसांनी मी सारोळ्याहून बबनशेठला बोलावलं. पुलाजवळच्या त्याच्या भंगाराच्या वाड्यातून आपण कितीतरी वस्तू आणल्या होत्या. तो आला, गाडीखाली वाकला, दोन्ही चाकांमध्ये हात घालून बघितलं, आखूड दांड्याला हलकेच बोट लावलं. मग उठला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. दाजी, त्याला कळलं होतं. जन्म गेलाय त्याचा अशा गाड्यांत. आणि मला कळलंय हेही त्याला कळलं होतं. कुणी काही बोललं नाही. तो मोठ्याने, अक्काला ऐकू जाईल असं म्हणाला, “गिअरबॉक्स गेलाय, मास्तर. हिचं सामान आता कुठं गावनार? कापूनच न्यायला लागंल.”

अक्का दारातून म्हणाली, “न्या मग. माणूसच गेलं, गाडीचं काय घिऊन बसलाय.”

तेरावा झाल्यावर माणसं घेऊन येतो म्हणून तो गेला. मी अक्काच्या शेजारी जाऊन बसलो, तिचा हात हातात घेतला. ती म्हणाली, “तू हाईस म्हनून बरं.” मी हात सोडला नाही. सोडायला हवा होता.

तेराव्याला वरच्या वस्तीवरची सगळी माणसं आली, सोपान नाही. कोंडिबांना मी विचारलं तर म्हणाले, “येत न्हाई म्हनतो. जेवतबी न्हाई धड. म्हनतो, ज्यानं शिकिवलं त्याचीच गाडी मोडली.” मी मान हलवली आणि पंगतीत वाढायला गेलो.

त्याच दिवशी दिवेलागणीला सोपान आला. अंगणात आला नाही, फाटकाबाहेर उभा राहिला. मी बाहेर गेलो.

“मास्तर, यक इचारू?”

“विचार की.”

“म्या नक्की काय चुकलो ते तरी सांगा. दाजी असतं तर शिव्या दिल्या असत्या, पर सांगितलं असतं. क्लच जास्ती सोडला का? का दुसऱ्यात उचलली म्हनून? मला काय उमगंना.”

समोर माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलासारखा तो उभा होता, शिकायला आलेला. माझं कामच ते आहे. आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “तुझं काही चुकलं नाही रे. जुनी झाली होती गाडी.”

तो म्हणाला, “व्हय.” वरच्या वाटेकडे वळला. “पर लोक म्हंत्यात ते म्हंत्यातच की.” आणि गेला.

मी आजपर्यंत कुणाला इतक्या मायेने इतकं वाईट फसवलं नाही. गप्प बसण्याला दुःखाचा आडोसा तरी होता. ह्याला काहीच नव्हता. त्याने खरं विचारलं, आणि मी त्याला समजूत दिली.

सकाळी बबनशेठ माणसं घेऊन यायचा होता. मी उजाडताच उठलो, पडवीतून जॅक काढला, लाकडाचा ठोकळा घेतला. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना आणि पुढच्या एका चाकाला दगड लावले. अक्का चुलीजवळून ओरडली, “आता कशाला हात लावतुयास? ते यायचंत की न्यायला.” पुढच्या डाव्या बाजूला आसाखाली जॅक लावून दांडा मारत राहिलो. चाक जमिनीवरून सुटायला आलं तसा मी बाजूला सरलो आणि लांबून शेवटचे दांडे मारले. धाडकन आवाज झाला, चाक गर्रकन उलटं फिरून थांबलं. छपरावरचे कावळे उडाले. अक्का धावत बाहेर आली, “काय फुटलं रं?”

“काही फुटलं नाही, अक्का.”

मी आत चढलो आणि आखूड दांडा पुढे ढकलला. लोण्यातून सुरी जावी तसा तो सुटला. जॅक खाली घेतला, पलटण चालू केली, अंगणातून रस्त्यापर्यंत नेली, परत आणली. ती कण्हली नाही, अडली नाही. इंजिन बंद करून खाली उतरलो तेव्हा अक्का पायरीवर बसली होती.

“गेअरबाक्स?”

“गेलाच नव्हता. नुसता पीळ बसला होता.”

“आत्ता समजलं तुला?”

मी म्हणालो, “नाही.”

“मंग?”

“त्यांना आणलं त्या दिवशीच. मागून येताना दिसलं होतं.”

अक्काने माझ्याकडे बघितलं. माझ्या जन्मापासून तिने मला कडेवर घेतलंय, पण तसं तिने कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाली, “मला भोरला न्यायचं हुतं तर मला सांगायचं. मी आले असते न्हाईतर न्हाई म्हनले असते. त्या पोराच्या डोक्यावर का ठिवलंस?”

मी जॅक उचलून पडवीत ठेवला.

“ह्यांनी तुला लिहायवाचायला कशापायी धाडला रं, दत्ता? जा. आदी वर जा. त्याला सांग, त्याच्या माणसांदेखत सांग. मग मला तोंड दाव.”

बबनशेठला मी फोन केला. गाडी द्यायची नाही, म्हटलं. तो म्हणाला, “ऱ्हायलं. म्या काय बोललो न्हवतो, तुमीबी काय बोलला न्हवता.” त्याने मला आणि स्वतःला एकाच पारड्यात ठेवलं होतं. ते बरोबर होतं.

वस्तीवर मी चालत गेलो. ट्रक घेऊन जायची हिंमत झाली नाही. कोंडिबा आजारी गाईला पाला घालत होते, सोपानची आई शेणी थापत होती, सोपान गुरांच्या वाड्याच्या दाराची काटेरी झाप नीट करत होता. मी त्या तिघांच्या मध्ये उभा राहिलो आणि सांगितलं. गाडीचं काहीही मोडलेलं नव्हतं. फोरचा दांडा डांबरावर सोडायचा राहिला होता, त्या दिवशी कुणाकडूनही राहिला असता. चाक उचलून सोडवलं, आता चालते. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सोपानचा चेहरा आधी उजळला. “म्हंजी म्या न्हाई मोडली?”

“नाही.”

तो हसला, आईकडे वळला, “आय, आयकलंस का?” आणि मग ते हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे बदलले. हळूच म्हणाला, “मंग काल म्या इचारलं तवा?”

दाजी, ह्या प्रश्नाला मी अजूनही उत्तर दिलेलं नाही. तिथे दिलं नाही, इथेही देता येत नाही. वाद जिंकायचा होता, बहिणीची काळजी होती, दुःखात होतो, हे सगळं खरं आहे आणि ह्यातलं एकही त्याच्या तोंडावर सांगण्यासारखं नाही. सोपानची आई हात धुवून झोपडीत गेली. कोंडिबांनी पाल्याचा भारा खाली ठेवला. म्हणाले, “मास्तर, ज्ञानबा असता तर त्यानं तुमाला हितंच दोन शिव्या घातल्या असत्या आन् मग जेवाया बसिवलं असतं.” मग पाला सोडत म्हणाले, “आमी काय ज्ञानबा न्हाई.”

मी खाली आलो.

सोपान त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग एका सकाळी आला, थेट अक्काकडे गेला. रोहिण्या संपत आल्या होत्या, वस्तीवर पेंड आणि तांदूळ चढवायचे होते, पाऊस धरला की वाट बंद. अक्काने किल्ली त्याच्या हातात दिली. गावातल्या तिघाचौघांना तिने मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर म्हणाली, “गाडी बरी हाय. मोडली न्हवती. काय झालं हुतं ते आमच्या दत्ताला इचारा.” त्यांनी विचारलं, मी परत सांगितलं. जो दहाव्याला हसला होता तो जमिनीकडे बघायला लागला. मला मात्र बघायला कुठे जागा नव्हती.

पोती चढवून झाली. अक्का पुढे बसली, तिला वस्तीवरच्या बायकांना भेटायचं होतं. मी दाराला हात लावला तर सोपान म्हणाला, “मास्तर, तुमी मागं बसा.”

तीन माणसांना पुढे जागा पुरते. अक्काने ऐकलं, पण ती समोर बघत राहिली. मी मागे पोत्यांवर जाऊन बसलो.

अक्का भोरला येणार नाही. तिने सांगितलं आहे, “गाडी चालतीया तवर न्हाई, आन् बंद पडली तरी न्हाई.” गाडी सोपान चालवतो. वस्तीवरून परतताना सिमेंट लागलं की तो थांबतो, दांडा सोडतो, गाडी हातभर मागं घेतो आणि मग पुढे निघतो. कुणी सांगायची गरज पडत नाही.

तुमची माफी मागायला हे लिहिलेलं नाही, दाजी. तुम्ही ती दोन शिव्यांत देऊन टाकली असतीत, म्हणून तर ती मागणं इतकं सोपं आहे. ज्याची मागायची तो अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. दर रविवारी मी पासलीला जातो. तो गाडीखाली असतो. मी जवळ जाऊन उभा राहतो. खालून तो म्हणतो, “मास्तर, जॅक लावा.”

मी लावतो. अजून तरी एवढंच.